पायरी की ढाल?

थार किंवा जिम्नी दारात आली, की पहिला खर्च ठरलेला: दाराखाली चकचकीत साइड स्टेप! दिसतो एकदम सही, आजीलाही चढायला सोपं. पण बॉस, तो पाय ठेवायला असतो, दगड झेलायला नाही.

खडकाळ वाटेवर गाडी बाजूला घसरली, की मार बसतो दाराखालच्या पट्टीला, म्हणजे सिलला. ती चेपली तर दार नीट लागत नाही आणि डेंटिंगचं बिल बघून इएमआय हलका वाटायला लागतो. इथे हवा रॉक स्लायडर.

निवडताना माझा फंडा तीन प्रश्नांचा. एक, तो कशावर बसतो? या दोन्ही गाड्यांना खाली स्वतंत्र चासी आहे. स्लायडरचे ब्रॅकेट तिच्यावरच हवेत, पत्र्यावर नकोत. दोन, खाली किती लोंबतो? जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. तोच घालवला तर काय मिळवलं? तीन, याच स्लायडरला जॅक लावून गाडी उचलता येईल का? दुकानदार गुळमुळीत बोलायला लागला, की नमस्कार करून निघायचं.

आणि हो, लोखंड गाडीबाहेर फार डोकावायला नको. २०१७ मध्ये केंद्राने क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, ते पादचाऱ्यांच्या जिवाचा विचार करूनच. म्हणून बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

गाडी फक्त ऑफिस आणि मॉलच बघणार असेल, तर खुशाल साइड स्टेप घ्या. उरलेल्या पैशांत चांगले टायर बघा. ते रोज उपयोगी पडतील!