नोंद कोणासाठी?

लहान मुलाचे वजन दोन महिने वाढले नाही, ही गोष्ट सहसा डोळ्यांना दिसत नाही. ती नोंदीत दिसते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यातील वजनकाटा आणि वाढीचा तक्ता यांचे सामर्थ्य यातच आहे. तक्त्यावरील रेघ सपाट झाली की निरक्षर मातेलाही धोका समजावून देता येतो. नोंद, तिचा अर्थ आणि पुढची कृती या तिन्ही गोष्टी अंगणवाडीच्या उंबऱ्यातच घडू शकतात.

या कामी मोबाइल आला, याला सेविकांचा तत्त्वतः विरोध असण्याचे कारण नाही. अकरा नोंदवह्यांचे ओझे हलके होत असेल तर यंत्र स्वागतार्हच आहे. प्रश्न यंत्र कोणाच्या सोयीचे, हा आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘पोषण ट्रॅकर’ आणला. महाराष्ट्रातील सेविकांच्या हाती होते २०१९ साली मिळालेले, अवघ्या दोन जीबी रॅमचे, वारंवार अडकणारे फोन. आणि ॲप इंग्रजीत! ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. तो कामचुकारपणा नव्हता. स्वतःला वाचता न येणारी नोंद भरण्यास दिलेला तो नकार होता.

पुढे ॲपमध्ये मराठी आली. पण नोंदीची दिशा बदलली नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी लाभार्थीचा चेहरा पडताळण्याची सक्ती झाली. मुलाच्या वजनावर खिळायची नजर आता मातेच्या ओळखीवर खिळली. संशय गरिबावर, राबणूक सेविकेची, आणि माहिती मात्र दिल्लीकडे! शिवाय जिच्याकडून एवढे काम घ्यायचे, तिला कर्मचारी म्हणायचे नाही. तिचे वेतन ‘मानधन’च राहते. ग्रॅच्युइटीचा हक्कदेखील तिला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडूनच मिळवावा लागला.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. चांगला फोन व इंटरनेटचा खर्च शासनाने द्यावा. नेटवर्क नसतानाही नोंद व्हावी. चेहरा जुळला नाही म्हणून शिधा अडू नये. दरमहा वजन घटलेल्या मुलांचा आढावा सेविका व माता यांनी एकत्र घ्यावा आणि गावातील कुपोषणाचे आकडे, नावे उघड न करता, ग्रामसभेपुढे यावेत. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी हा आग्रह धरावा. जी नोंद गावाला वाचता येत नाही, तिच्यातून मुलाच्या ताटात घास पडत नाही.