खाऱ्या पाण्याची राखण

आश्विन शुद्ध प्रतिपदेला आपल्या घरोघरी घट बसतात. पत्रावळीवरच्या काळ्या मातीत धान्य पेरले जाते आणि पिवळसर कोंब वर येऊ लागले की घरची बाई पाणी बेताबेताने, हातानेच शिंपडते. पाणी जास्त झाले तर धन कुजते, हे तिला कुणी सांगावे लागत नाही. याच दिवसांत वाटूर फाट्यावरून मंठामार्गे लोणारला निघालेल्यांच्या हाती ओटीचे सामान असते. तिथे विवराच्या तळाशी, सरोवराकाठी, कमळजामाता आहे. आणि नवरात्राच्याच मागेपुढे, २७ सप्टेंबरला, जागतिक पर्यटन दिनही येतो. यात्रा आणि पर्यटन यांचा एकत्र विचार करायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

आकाशातून आलेल्या पाषाणाने बेसॉल्टच्या पठारात कोरलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. आपल्या पूर्वजांनी त्याला लवणासुराची कथा दिली, गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर उभारले. २००० मध्ये परिसर अभयारण्य झाला, २०२० मध्ये रामसर यादीत गेला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, ते खारटपणा वाढून त्यात मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजल्यामुळे.

या सरोवराचे सारे वैभव त्या खारेपणात आहे. गोड्या पाण्याला तीर्थ मानणाऱ्या आपल्याला हे जरा उमजून घ्यावे लागते. विवराला बाहेर जाणारा ओढा नाही. धारेचे, झऱ्यांचे, पावसाचे पाणी आत येते आणि उन्हाने उडते, तेवढेच. म्हणून वरच्या वस्तीचे सांडपाणी, अंघोळीचा साबण, सोडलेले निर्माल्य, जे उतरते ते तिथेच राहते. गोडे पाणी प्रमाणाबाहेर उतरले तर क्षार पातळ होतात आणि हजारो वर्षे तग धरलेली सूक्ष्म जीवसृष्टी आपल्या डोळ्यांदेखत हटते. घटावर पाणी शिंपडताना जो हात आवरतो, तो इथेही आवरायला हवा.

पर्यटन वाढावे, असे आपल्यालाही मनापासून वाटते. मराठवाडा-विदर्भाच्या या सीमेवर पोरांना गावात काम मिळाले, तर ऊसतोडीला किंवा पुण्याला जाणारी काही पावले तरी थांबतील. झाडीतला मोर आणि काठावरचा दगड समजावून सांगणारा वाटाड्या गावचाच असावा, उतरण पायीच व्हावी, निर्माल्य वर कुंडात पडून त्याचे खत व्हावे. मात्र आधी हॉटेले बांधू आणि गटाराचे मग पाहू, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम लोणारला परवडणारा नाही. सांडपाणी शुद्ध होऊन विवराबाहेर वळले पाहिजे, त्यानंतरच नव्या खोल्यांचा पाया खणावा. आणि ही मागणी लोणारकरांइतकीच, वाटूर-मंठ्याच्या वाटेवर दुकान मांडून बसलेल्या आपणही केली पाहिजे.