लोअर परळमध्ये सोल्डरिंग करायला जागा आहे का?

लोअर परळमध्ये आज तुम्हाला गिरणीच्या कौलारू छपराखाली बसून बिअर प्यायला जागा आहे, गोलंदाजी करून पिना पाडायला जागा आहे, बँकेचं मुख्यालय थाटायला जागा आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चार भोकं पाडायला जागा नाही. ही पोस्ट त्या चार भोकांबद्दल आहे. लांब आहे, आधीच सांगतो.

माझा मावसभाऊ डिलाइल रोडचा. सरकारी कागदावर ना. म. जोशी मार्ग, पण तिथं तसं म्हणणारा माणूस बहुधा टपाल खात्यातलाच. वडील गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते, १९८२च्या संपात घरी बसले ते बसलेच. हा लिफ्टच्या देखभालीचं काम करतो आणि संध्याकाळी गिटार वाजवतो. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं की गिटारचा अँप्लिफायर स्वतः बनवायचा, तोही व्हॉल्व्हचा.

तरुण मंडळींसाठी सांगतो. व्हॉल्व्ह म्हणजे आजोबांच्या रेडिओत लालसर पेटणारी काचेची नळी. ट्रान्झिस्टर आला आणि जगाने ती सोडली. गिटारवाल्यांनी मात्र सोडली नाही. कारण व्हॉल्व्हला ताकदीबाहेर ओढला की आवाज फाटतो, पण एकदम फाटत नाही. तार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर खरखरीत, आणि मधलं सगळं वाजवणाऱ्याच्या बोटात. यातच एक ईसीसी८३ आणि एक ईएल८४ एवढ्या दोन नळ्यांवर पाच वॉटचा अँप्लिफायर उभा राहतो. पाच वॉट ऐकून हसू नका. चाळीत पाच वॉटने चौथ्या खोलीतलं पोर उठतं.

या दोन्ही नळ्या एकेकाळी आपल्याच सरकारी भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बंगळुरूच्या कारखान्यात बनायच्या. आज त्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांना घाम फुटला होता, कारण रशियन नळ्यांची आवक अडली. आत्मनिर्भरतेच्या भाषणात ही नळी कुणी घेणार नाही, मला माहीत आहे. भावाने त्याची ईसीसी८३ मंडपवाल्याच्या भंगारातल्या जुन्या अँप्लिफायरमधून काढली. चालू निघाली.

आता मुद्द्याचं. हे सगळं करायचं कुठे?

त्यांची बीडीडी चाळ पुनर्विकासात गेली. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, फुकट. याबद्दल मी एक वाकडा शब्द काढणार नाही. सामाईक संडासाच्या रांगेत ज्यांनी उभ्या आयुष्याच्या सकाळी घालवल्या, त्यांच्यासमोर चाळीचे गोडवे गाणाऱ्या लेखकांना एकदा त्या रांगेत उभं करायला हवं. पण चाळीत खोलीबाहेर एक लांब मार्गिका होती. तिथं सायकल उघडली जायची, मिक्सर दुरुस्त व्हायचा, मखराची थर्माकोलची कापाकापी चालायची, बेंजोवाली पोरं तारा लावत बसायची. ती जागा कुणाच्या चौरस फुटांत मोजलेली नव्हती, म्हणून नुकसानीतही धरली गेली नाही.

सध्या तो भाड्याच्या घरात आहे. त्या सोसायटीचं नाव लिहीत नाही. गच्चीवर ड्रिल चालवलं म्हणून सेक्रेटरीची नोटीस आली, पॅसेजमध्ये सोल्डरिंग आयर्न लावलं म्हणून दुसरी. मग रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

आणि इथं मी सोसायटीच्या बाजूने बोलणार आहे. धोका आहे, खराच आहे. या डब्यात अडीचशे-तीनशे व्होल्टचा डीसी असतो. प्लग काढला तरी कपॅसिटर भार धरून बसतो, म्हणून जाणती माणसं आधी रेझिस्टर लावून तो रिकामा करतात, मीटरने खात्री करतात आणि मोजताना एक हात खिशात ठेवतात. दोन्ही हात आत घातले आणि करंट छातीतून गेला तर पुढचं सांगायला माणूस उरत नाही. असलं काम चहाच्या पातेल्याशेजारी, पोरं झोपलेली असताना होऊ नये. त्याला नीट अर्थिंग असलेलं, गळतीला तुटणारा स्विच असलेलं टेबल लागतं आणि शेजारी एक जाणता माणूस लागतो. हेच तर मागतोय मी! धोका दाखवून काम बंद करता, मग धोका कमी करणारी जागा का देत नाही? आणि धोक्याच्या गप्पा या भागात जरा जपूनच माराव्यात. २९ डिसेंबर २०१७च्या रात्री कमला मिलच्या गच्चीवरच्या पबांना आग लागून १४ माणसं गेली. तिथं कुणी अँप्लिफायर बनवत नव्हतं.

जाणता माणूस म्हणालो, त्याचं सांगतो. डबा तयार झाला, आवाज आला, पण मागे सतत घुंऽऽ. भावाने महिनाभर व्हिडिओ बघितले. वायरी पिळल्या, नळी बदलली, जॅक बदलला. शेवटी लालबागच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे डबा नेला. मी सोबत होतो. मिस्त्रींनी आयुष्यभर गणपती मंडळांचे भोंगे आणि अँप्लिफायर सांभाळले. डबा सुरू केला, डोळे मिटले, दहा सेकंदांत म्हणाले, "हा पन्नासचा नाही, शंभरचा आहे. वायरी कशाला पिळत बसलास?"

आपली वीज ५० हर्ट्झची. नळी तापवणाऱ्या वायरीतून आवाज शिरला तर तो ५०चा, खोल. पण एसीचा डीसी करताना दोन्ही अर्धलाटा वापरल्या जातात, म्हणून तिथून येणारी गुणगुण दुप्पट, म्हणजे १००ची, थोडी करकरीत. मिस्त्रींनी डबा उलटा केला. पहिल्या मोठ्या कपॅसिटरची निगेटिव्ह भावाने सरळ गिटारच्या जॅकजवळ पत्र्याला जोडली होती. कपॅसिटर भरताना जो धक्क्याधक्क्याने करंट येतो, तो नेमका सगळ्यात नाजूक जागेवरून परत जात होता. ती वायर काढून सप्लायच्या निगेटिव्हला नेली, तिथून एकच तार पत्र्याला. घुंऽऽ गेलं. तास लागला असेल, त्यात अर्धा तास चहा.

मग दुसरी गोष्ट. खालचा सूर घेतला की आवाज बसायचा. मिस्त्रींनी विचारलं, आउटपुट ट्रान्सफॉर्मर कुणी बांधला? स्टॅबिलायझर बांधणाऱ्याने. त्याने सवयीने पत्र्या एकाआड एक उलटसुलट भरल्या होत्या. इथं एकाच नळीचा डीसी सतत त्या गुंडाळीतून वाहतो, म्हणून सगळ्या ई-पत्र्या एका बाजूला, आय-पत्र्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची पातळ फट ठेवावी लागते. नाहीतर लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरतं आणि खर्ज मरतो. पत्र्या पुन्हा भरल्या. मग ईएल८४च्या कॅथोडवरचा व्होल्टेज मोजला: १३५ ओहमवर साधारण ७ व्होल्ट. भागाकार केला तर पन्नासेक मिलीअँपियर, म्हणजे नळी आपल्या १२ वॉटच्या मर्यादेत. शेवटी पहिल्या टप्प्यातला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून २.२चा लावला, फुगलेला खर्ज आवरला. शेजारच्या पोराने त्यावर बेंजो लावून पाहिला. आपला बेंजो म्हणजे १९१२च्या सुमारास जपानात निघालेल्या ताइशोगोतोचा वंशज, त्याला पिकअप बसवलेला. नेहमी कानात खिळा ठोकल्यासारखा वाजतो. त्या दिवशी नाही वाजला तसा.

या मिस्त्रींकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही. त्यांचा कान कुठल्याही कौशल्य विकास योजनेच्या आकड्यात नाही. ते गेले की तो कान गेला.

कुणी म्हणेल, छंद आहे, सरकारने का पोसावा? ऐका. लिओ फेंडरचं कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, १९३८ सालचं. लंडनच्या जिम मार्शलचं ड्रमचं दुकान होतं. १९६२ साली त्याच्या दुरुस्तीवाल्याने, केन ब्रॅनने, फेंडरचाच एक अँप्लिफायर उघडून त्यावरून पहिला मार्शल बनवण्यात हात घातला. रॉक संगीताचा अर्धा आवाज दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला, संशोधन संस्थेत नव्हे. आणि आपल्याकडे? मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग २००७ ते २०१६ चाललं, उत्तम संगीत वाजलं, मी कणकवलीत बसून त्याच्या बातम्या वाचल्या. त्या मंचावरचा अँप्लिफायर दुरुस्त करणारी पोरं जिथं घडतील अशी एक खोली त्या सबंध पट्ट्यात सार्वजनिक पैशातून निघाली नाही.

जागा नव्हती म्हणू नका. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये सरकारने नियम बदलला. वाटे फक्त बांधकाम नसलेल्या जागेचे करायचे ठरलं. गिरणी म्हणजे शेडच शेड, मोकळं उरतं काय? मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. जनतेच्या वाट्याची जमीन एका शब्दाच्या अर्थात विरघळली. आता काळाचौकीला महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा घाट घातला आहे. म्हणजे फिटरचा पाना काचेत ठेवणार, आणि फिटरच्या पोराला पाना फिरवायला गच्ची नाही.

मागणी फार मोठी नाही. बीडीडीच्या नव्या इमारतींत समाजोपयोगी कामासाठी ज्या जागा निघतील, त्यातली एक खोली कारखान्याची करा. व्यायामशाळा आणि सभागृह होणारच, नगरसेवकाच्या नावाची पाटी लागणारच, त्याला हरकत नाही. या एका खोलीत चार टेबलं, ड्रिल मशीन, ऑसिलोस्कोप, पक्कं अर्थिंग आणि संध्याकाळी सहा ते दहा मानधनावर एक मिस्त्री. आणि ते होईपर्यंत मुंबईतल्या सरकारी आयटीआयची वर्कशॉपं संध्याकाळी कुलूपबंद का राहतात, याचं उत्तर कौशल्य विकास खात्याने द्यावं. यंत्रं आपल्या पैशाची, वीज आपल्या पैशाची.

भावाचा दुसरा डबा आता अर्ध्यावर आहे, शेजारच्या बेंजोवाल्यासाठी. पत्रा आणलाय, खुणा केल्यात, भोकं पाडायची राहिलीत. पुनर्विकासाच्या पुढच्या सभेला तो जाणार आहे, आणि इमारतीच्या नकाशावर बोट ठेवून विचारणार आहे की टेबल कुठे. तुमचं कुणी डिलाइल रोडला, नायगावला, वरळीला राहत असेल तर त्यांनाही सभेला पाठवा.