औषध देण्याआधी रोग कळू द्या

मा. संचालक,
केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था,
यारी रोड, वर्सोवा, मुंबई



मी अंधेरी पश्चिमेला राहते. १९६१ पासून माशांचं शास्त्र शिकवणारी आपली संस्था माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तिच्या फाटकावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण आत काम घेऊन यावं असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात ते वाटलं.

वाडा तालुक्यातल्या माझ्या मामेभावाने शेततळ्यात रोहू-कटला सोडले होते. थंडी पडली आणि माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. चट्ट्यांच्या जखमा झाल्या, काही तर थेट मांसापर्यंत गेल्या. त्याने मोबाइलवर फोटो काढले आणि खाद्य-औषधाच्या दुकानात दाखवले. दुकानदाराने ऑक्सिटेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची पुडी दिली. ती शेंगदाणा पेंड आणि भाताच्या कोंड्यात कालवून पाच दिवस घातली. मासे मरतच राहिले. मग दुसरी, ‘जास्त पॉवरची’ पुडी आली. शेवटी जे जगले होते त्यांच्यावर जाळं टाकून त्याने मिळेल त्या भावाला विकून टाकले. औषध बंद केल्यावर अमुक दिवस थांबून मगच मासे काढायचे असतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी डोळ्यांदेखत मरणाऱ्या माशांपुढे तो किती थांबला असता?

मी नंतर वाचलं, की थंडीत येणाऱ्या अशा जखमा पुष्कळदा अफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतात. त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. एरोमोनाससारखे जीवाणू त्या जखमेत मागाहून शिरतात. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचंही तसंच आहे. तो विषाणूचा रोग, पण शेतकऱ्याच्या हातात पुडी अँटिबायोटिकची पडते. माझ्या भावाच्या माशांना नेमकं काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही, कारण एकही मासा सूक्ष्मदर्शकाखाली गेला नाही. दोन औषधं मात्र तळ्यात गेली.

ती कुठे गेली, हे आपल्याला मी सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. आजारी मासा खात नाही. औषध लावलेलं खाद्य तळाच्या गाळात बसतं. जे पोटात जातं त्यातलंही बरंचसं न पचता बाहेर पडतं. गाळातले असंख्य जीवाणू दिवसेंदिवस त्या औषधाच्या सौम्य मात्रेत राहतात. जे दाद देतात ते मरतात, जे देत नाहीत ते वाढतात. शिवाय दाद न देण्याची ही किमया ज्या जनुकांत असते, ती जनुकं एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूला देऊ शकतो. तळं रिकामं केलं की ते पाणी ओढ्याला मिळतं, आणि तेच ओढ्याचं पाणी गुरं पितात.

त्याच महिन्यात माझ्या आईला लघवीचा संसर्ग झाला होता. तपासणीच्या अहवालात औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर होतं. बहुतेक नावांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. दोन औषधं उरली होती, दोन्ही शिरेतून द्यायची. तिचा जंतू कुठल्या तळ्यातून आला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. माणसांनीच अँटिबायोटिकचा केलेला गैरवापर पुरेसा आहे. पण हातात तो कागद धरून बसले होते आणि भावाचा फोन आला, ‘ताई, दुसऱ्या पुडीनेही गुण नाही.’ दोन्हीकडे वाक्य एकच होतं.

माझ्या बाजाराबद्दलही बोलायला हवं. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आमच्याकडच्या पाट्यांवर रोहू, कटला, बासा आणि तळ्यातली कोळंबी जास्त दिसते. या माशांसाठी नियम आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानला बंदी आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या अंशाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. परदेशी जाणाऱ्या कोळंबीच्या बाबतीत या अंशांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष असतं. युरोपीय संघाने तर २०१६ मध्ये आपल्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं. आमच्या बाजारात नमुना घेताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

आणि औषधाचा अंश मोजला म्हणजे काम झालं असंही नाही. अंश शून्य असलेल्या माशावरही दाद न देणारा जीवाणू असू शकतो. कालवण उकळलं की तो मरतो, त्यामुळे मासे खाणं सोडायची गरज नाही. धोका आहे तो कच्चा मासा साफ करणाऱ्या हातांना, विळीला, पाट्याला. म्हणजे पहिला धोका दिवसभर मासे कापून देणाऱ्या मावशींना.

यातून वाट निघते हे नॉर्वेने दाखवलं आहे. १९८७ च्या सुमाराला तिथल्या सॅमनपालनात वर्षाला जवळजवळ ५० टन अँटिबायोटिक वापरलं जात होतं. मग लशी आल्या, पिल्लांना एकेक करून टोचल्या गेल्या. आता उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही औषध वर्षाला एक टनाच्या आत आलं आहे. आपल्या रोहूला उद्या लस मिळेल असं मी समजत नाही. पण नॉर्वेतही सुरुवात कुठला जीवाणू मासे मारतो आहे हे ओळखण्यापासूनच झाली होती.

ओळखण्याचं हे ज्ञान आपल्याकडे आहे. भारतीय कृषी संशोधन परिषद संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साथीने मासे आणि जनावरांमधल्या दाद न देणाऱ्या जीवाणूंची देशभर नोंद ठेवते. आपण तिच्याच घरातले. ती नोंद इंग्रजी अहवालात राहते, आणि वाड्याचा दुकानदार फोटो पाहून पुडी देतो.

म्हणून मागणं एवढंच. आठवड्यातला एक ठरलेला दिवस वर्सोव्यात पालघर-ठाणे-रायगडच्या मत्स्यशेतकऱ्यांसाठी असावा. आजारी मासा जिवंत, तळ्याच्या पाण्यासकट, पिशवीत घालून आणावा, आणि उत्तर मराठीत, कागदावर मिळावं: रोग कोणता, औषध लागतं की नाही, लागत असेल तर कोणतं, किती दिवस, आणि त्यानंतर मासे किती दिवस विकायचे नाहीत. अशी सोय आधीच असेल, तर तिचा फलक प्रत्येक तालुक्यातल्या मत्स्यखाद्याच्या दुकानात लागावा. माझ्या भावाने तो पाहिला असता, तर पहिल्या पुडीआधीच तो एसटीत बसला असता.

यंदा पाऊस पडून तळं भरलं की तो पुन्हा मत्स्यबोटुकली सोडणार आहे. कर्ज फेडायचं आहे, दुसरा इलाज नाही. थंडीपर्यंत चार महिने आहेत. कोणत्या वारी यायचं ते तेवढं कळवा. पिशवी घेऊन मी स्वतः त्याच्याबरोबर येईन.

आपली,
अंधेरीतील एक रहिवासी