नवीन मशीन घेण्याआधी दोऱ्या तपासा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी शिडाच्या शर्यतीच्या बोटीबद्दल बोललो. तुम्हाला वाटलं असेल, सर धंदा सोडून समुद्रात कुठे निघाले? पण मी धंद्याचंच बोलतोय. व्हिडिओत घाईत राहून गेलेलं इथे नीट लिहितो.

जे/७० नावाची एक छोटी शर्यतीची बोट आहे. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जे/बोट्स कंपनीने ती २०१२ मध्ये आणली. लांबी साधारण ७ मीटर, वजन ८०० किलोच्या आसपास आणि चालवायला चार-पाच माणसं. हिच्या शर्यतीत सगळ्यांची बोट सारखीच असते. सांगाडा, डोलकाठी, शिडाचं माप, सगळं नियमाने बांधलेलं. वाराही सगळ्यांना तोच. तरीही कोणी पहिला येतो, कोणी विसावा. का?

माझं उत्तर असं: चालवणाऱ्याचं कौशल्य तर लागतंच, पण बराचसा फरक दोऱ्या आणि तारा कशा लावल्यात यावर पडतो.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारांना श्राउड म्हणतात. त्यांचा ताण पाण्यावर शर्यत सुरू होण्याआधीच ठरवायचा. वारा हलका असेल तर तारा सैल, जोरात असेल तर घट्ट. शिडं बनवणारे एक मूळ सेटिंग लिहून देतात. तिथून वाऱ्याप्रमाणे किती फेरे वाढवायचे, किती कमी करायचे, हे मोजून करायचं. शर्यत सुरू झाली की या ताराना हात लावायचा नाही.

आपल्या धंद्यात दुकानाचं भाडं, कर्जाचा हप्ता आणि कायमचा पगार या अशाच तारा आहेत. एकदा बांधल्या की रोज बदलता येत नाहीत. म्हणून त्या 'सीझन जोरात जाईल' या आशेवर बांधू नका. नेहमीचा वारा किती असतो ते बघून बांधा.

दुसऱ्या प्रकारच्या दोऱ्या चालू शर्यतीत ओढायच्या आणि सोडायच्या असतात. त्यातली महत्त्वाची म्हणजे बॅकस्टे, डोलकाठीच्या टोकापासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत येणारी. ती ओढली की डोलकाठी वाकते, मोठ्या शिडाचं पोट सपाट होतं आणि पुढची तार ताणली गेल्यामुळे पुढचं शीडही सपाट होतं. शिडाची ताकद कमी होते.

आता तुम्ही म्हणाल, शर्यतीत ताकद कमी का करायची? नवशिक्यांचं इथेच चुकतं. जोराचा वारा आला की ते सगळी ताकद घ्यायला बघतात. बोट खूप झुकते, पाणी उडतं, काठावरच्याला वाटतं काय वेग आहे! खरं तर बोट आडवी सरकत असते. तिचं नाक वाऱ्याकडे वळायला बघतं, सुकाणू जोर लावून धरावं लागतं आणि तेच सुकाणू ब्रेक बनतं.

उधारीवर भरमसाट ऑर्डर घेणारा धंदा मला असाच दिसतो. विक्रीचा आकडा मोठा, गल्ल्यात पैसे नाहीत. झेपत नसलेली ऑर्डर नाकारणं किंवा अर्धी घेणं हा कमीपणा नाही. तो बॅकस्टे ओढणं आहे. आणि वारा पडला की ती दोरी सोडायलाही विसरू नका. सीझनला घेतलेली जास्तीची माणसं आणि जास्तीचा माल सीझन संपल्यावर तसाच राहिला, तर तोच धंदा खातो.

पण दोरी किती ओढायची हे कळणार कसं? शिडाच्या दोन्ही बाजूंना छोटे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही सरळ मागे वाहत असतील तर शीड बरोबर. बाहेरच्या, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा धागा फडफडला तर शीड जास्त आवळलंय. धागा खोटं बोलत नाही. तुमच्या धंद्यातला धागा कोणता? रोजची रोख, परत आलेला माल, मशीन किती तास चाललं. यातलं काहीतरी एक रोज वहीत लिहा.

माझ्या वर्गातल्या मसाल्याचा धंदा करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, मशीन पुरत नाही. चार लाखांचं कर्ज घेऊन दुसरं घेऊ का?" मी म्हटलं, आधी पंधरा दिवस वही लिहा. वहीतून काय निघालं? मशीन आठ तासांपैकी जेमतेम चार तास चालत होतं. उरलेला वेळ दळलेला मसाला पिशव्या भरायची वाट बघत पडून राहायचा. दुसरं मशीन आलं असतं तर ढीग दुप्पट झाला असता आणि डोक्यावर हप्ता बसला असता. त्यांनी भरायला एक मदतनीस घेतली. कर्जाचा कागद सध्या कपाटात आहे.

दोन बोटींचे संघ सराव कसा करतात बघा. शेजारीशेजारी चालतात, एकच बोट एकच दोरी बदलते, दुसरी तशीच राहते. मग फरक कशामुळे पडला ते कळतं. आपण मात्र भाव, पॅकिंग आणि दुकानदार एकाच आठवड्यात बदलतो आणि विक्री पडली की 'मार्केट खराब आहे' म्हणतो.

नवीन काही घेऊच नका, असं मी म्हणत नाही. शिडाचं कापड वापराने ताणतं, आकार बिघडतो, मग नवं शीड घ्यावंच लागतं. आणि वाराच नसेल तर कुठलीही दोरी बोट पळवणार नाही. मालाला गिऱ्हाईकच नसेल तर जागा बदला, माल बदला. पण ते ठरवायचं वही बघून, शेजाऱ्याचं नवीन मशीन बघून नाही.

आजचं काम एवढंच: एक वही घ्या, एक धागा निवडा, पंधरा दिवस लिहा. या काळात फक्त एक दोरी हलवा. काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!