वाळीत पडलेला कॅप्टन

सभेवर बॉयकॉट, निवडणुकीवर बॉयकॉट, अमुक मालावर बॉयकॉट, असे आपण बातम्यांत नेहमी ऐकतो. शब्द इंग्रजी खरा, पण तो कोणा पंडिताने बसून घडवलेला नाही. खंडाने जमीन कसणाऱ्या कुळांच्या भांडणातून तो निघाला, म्हणून शेतकऱ्याच्या घरात त्याची ओळख असायला हवी.

मुळात बॉयकॉट हे आडनाव आहे. (क्रिकेटवाल्या मंडळींना जेफ्री बॉयकॉट आठवेल. तो वेगळा.) आपला हा चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १८३२चा, इंग्लंडातला. काही काळ फौजेत काढून तो आयर्लंडला गेला आणि पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात मास्क सरोवराच्या काठी लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी झाला. लोक त्याला कॅप्टन म्हणत. स्वतःही तो शेती करी आणि धन्याचा खंड वसूल करी.

१८७९ साली आयर्लंडात पीक बुडाले. बटाट्याच्या दुष्काळात माणसे मेलेली लोक विसरले नव्हते. त्याच साली मायकेल डॅव्हिट, पार्नेल वगैरे पुढाऱ्यांनी कुळांची लँड लीग नावाची संघटना उभी केली. पुढच्या वर्षी कुळे म्हणाली, खंडात शेकडा २५ सूट द्या. जमीनदार शेकडा १०वर अडून बसला. कारभाऱ्याने अकरा कुळांवर जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या.

पार्नेलने १९ सप्टेंबर १८८०ला एनिस गावच्या सभेत विचारले, शेजाऱ्याला हुसकून काढलेली जमीन जो घेईल त्याचे काय करायचे? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला उपाय आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी देवळातसुद्धा त्याच्याशी संबंध ठेवू नका.

तीनच दिवसांनी बेलीफ नोटिसा घेऊन बॉयकॉटच्या कुळांकडे आला. तेव्हा गावच्या बायकाच पुढे झाल्या आणि त्यांनी चिखल, शेण मारून त्याला पळवून लावला. मग कॅप्टनच्या घरचे गडी, मोलकरणी काम सोडून निघून गेल्या. लोहार नाल मारीना, परटीण कपडे धुवीना, जवळच्या बॅलिनरोब गावचा दुकानदार जिन्नस देईना. टपाल आणणाऱ्या पोरालाही धमकी मिळाली. अंगाला हात लावला नाही, पण उभे पीक शेतात तसेच राहिले. सलगम, बटाटे जमिनीत, आणि काढायला माणूस नाही. ज्याने हाताशी आलेले पीक मजुरावाचून अडलेले पाहिले आहे, त्याला या हत्याराची धार वेगळी सांगायला नको.

कॅप्टनने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले. त्यावरून नोव्हेंबरात दुसऱ्या परगण्यांतून ५० स्वयंसेवक कापणीला आले, आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास शिपाई आणि पोलीस! पीक होते सुमारे ५०० पौंडांचे आणि बंदोबस्ताला खर्च झाला किमान १०,००० पौंड. कॅप्टनने डिसेंबरच्या सुरुवातीलाच आयर्लंड सोडले.

आता शब्दाकडे येऊ. त्या भागात जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन बातमीदार होता. त्याने सांगितलेली हकिकत अशी. या प्रकाराला इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइज' असे क्रियापद होते. तेही मजेदार आहे. प्राचीन अथेन्समध्ये नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव लोक खापरीवर लिहीत आणि त्याला दहा वर्षे शहराबाहेर घालवीत. त्या खापरीच्या ग्रीक नावावरून ते आले. पण कुळांच्या तोंडी ते बसेना. रेडपाथने गावचे पाद्री जॉन ओमॅली यांना सोपा शब्द विचारला. त्यांनी थोडा विचार करून सुचवले, 'बॉयकॉट करणे' म्हटले तर? नोव्हेंबर संपण्याआधी तो शब्द 'टाइम्स'मध्ये छापून आला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन या भाषांनीही तो उचलला. कॅप्टन १८९७ साली वारला.

शब्द आयर्लंडचा, पण युक्ती आमच्याकडे त्याआधीची. १८७४ साली शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी रयतेने सावकाराविरुद्ध हेच केले होते. त्याच्या दुकानातून खरेदी बंद, त्याचे शेत कसणे बंद, न्हावी-परीट-सुतार-लोहार अशा बलुतेदारांचे काम बंद. हे लोण पुणे, नगर जिल्ह्यांत पसरले आणि मे १८७५मध्ये सुप्याला त्याचे दंग्यात रूपांतर झाले. १९०५च्या वंगभंगानंतर टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार ठेवला, तो विलायती मालावरचा.

वापरताना एक भेद ध्यानात ठेवावा. सरकार करते ती बंदी, मजूर करतात तो संप. बॉयकॉट म्हणजे नापसंती दाखवण्यासाठी लोकांनी आपणहून देणे-घेणे तोडणे. कारभाऱ्याविरुद्ध कुळे उभी राहिली तेव्हा दुबळ्यांनी बळवंताला अडवले होते. आमच्या 'वाळीत टाकणे' या शब्दात पुष्कळदा उलटे घडले. गावकीने किंवा जातपंचायतीने एखाद्याच घराचे पाणी, दुकान, मजुरी तोडायची, तेही जातीबाहेर लग्न केले किंवा पंचांचे ऐकले नाही म्हणून. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली काढलेल्या पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत' होते, ते उगाच नव्हे. दोन्हींना इंग्रजीत बॉयकॉटच म्हणतात, पण माझ्या मते एकाच मापाने ती मोजू नयेत.

कायदाही तसे मोजत नाही. न पटणारा माल घेऊ नये, ही ज्याची त्याची मर्जी. पण कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६च्या कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याच्यावर प्रसंग आला तो किंवा त्याच्या घरचे कोणीही पोलिसांकडे जाऊ शकते, नाहीतर थेट दंडाधिकाऱ्याकडे.