भुंगेऱ्याचा पत्ता

हवामान तापलं तर भुंगेरे डोंगर चढून वर जातील, असं परवा एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला सांगितलं. कुठल्या डोंगरावर? आमचं बेळगाव साडेसातशे मीटरवर, चोर्ल्याचा घाट आठशेच्या आसपास. त्याच्या वर आभाळ. पूर्वेला सरकावं तर पाऊस आटत जातो आणि ऊस लागतो. ज्याला उडताच येत नाही असा भुंगेरा रस्ता, कालवा, उसाचा फड ओलांडून कुठं जाणार, सांगा की.

हे भाकीत संगणक करतो. किडा जिथं सापडला ते ठिपके घ्यायचे, तिथलं तापमान-पाऊस बघायचं आणि २०७० साली तसली जागा कुठं उरेल ते रंगवायचं. मॅक्सेंट ही त्यातली नावाजलेली रीत, २००६ पासूनची. रीत चांगलीच आहे. खोट ठिपक्यांत आहे. फक्त पश्चिम घाटात मिळणाऱ्या कित्येक भुंगेऱ्यांचे ठिपके बोटांवर मोजण्याइतके, त्यातले बरेच इंग्रजी अमदानीतले. टाचणीखालच्या चिठ्ठीवर नुसतं ‘कॅनरा’. एकटा उत्तर कन्नड जिल्हा धरला तरी दहा हजार चौरस किलोमीटर, कारवारच्या वाळूपासून घाटमाथ्यापर्यंत. ठिपका टेकवायचा कुठं? शिवाय नकाशातला बारीकात बारीक चौकोनही बहुधा किलोमीटरभराचा, आणि किडा राहतो कुजक्या ओंडक्याखालच्या गारव्यात. ओंडका उचलला की गारवा गेला, त्याला २०७० कशाला लागतं?

आम्हा जैनांना तरी हे समजावून सांगायला लागू नये. मुंगीला तीन इंद्रियं, भुंग्याला चार, हे पाठशाळेतली पोरंही म्हणून दाखवतात. पावसात जीव फार निघतात म्हणून मुनिमहाराज चार महिने एका जागी राहतात. पण निघतात ते जीव कोणते, किती, याची वही कुणी घातली? पंचकल्याणकात कलशाला लाखाची बोली लागते, खानापूरच्या रानात पावसाळाभर हिंडून भुंगेरे ओळखणाऱ्या पोराला भत्ता द्या म्हटलं, की “बाई, ते सरकारचं काम.” म्हणजे पीठ चाळताना सापडला तो जीव आपला, आणि रानातला सरकारचा!

आधी मोजा. याच पावसात, गाव, उंची, तारीख घालून मोजा. नाहीतर हे रंगीत नकाशे उद्या रस्तेवाले आणि खाणवालेच आपल्यापुढं पसरतील: तुमचा किडा हवामानानं जाणारच होता, मग आमच्या जेसीबीला कशाला अडवता?